थीम पार्कच्या रांगा आणि आपली मुलं: पुण्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोण लिहितंय आणि कोणासाठी?

मी कोथरूडला राहते. थोरला दहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. धाकटी पाच वर्षांची आहे, तिला फक्त घाई आहे. दोघांना घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे एका हातात मांजर आणि दुसऱ्या हातात फुगा धरल्यासारखं आहे. थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसलेलं असताना इतर आया-बाबा जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतलेत. बाकावर दहा मिनिटांत सांगून होत नाही म्हणून सविस्तर लिहिलंय.

पुण्याहून जायचं तर कुठे?

मोठं थीम पार्क म्हणायचं तर खोपोलीजवळचं इमॅजिका. २०१३ साली सुरू झालं, खोपोली-पाली रस्त्यावर आहे आणि कोथरूडहून दोन तास धरून चालायचं. लोणावळ्याजवळ वॉटर पार्क आहे, शहराच्या आसपासही लहान-मोठी पार्कं आहेत. खालचं बहुतेक सगळं कुठल्याही पार्कला लागू पडतं.

एक गोष्ट पुणेकरांच्या बाजूची आहे. शनिवारी सकाळी अख्खी मुंबई घाट चढत असते तेव्हा आपण उतरत असतो. पण म्हणून निवांत निघू नका, घाटात एक ट्रक बंद पडला की दिशा कुठलीही असो, सगळे सारखेच.

गाडी लागणारं मूल असेल तर बोरघाट उतरल्यावर लगेच गोल फिरणारी राईड नको. निदान अर्धा-पाऊण तास जमिनीवर चालू द्या. आणि खोपोली म्हणजे कोकणाचा उंबरठा. पुण्यातून निघताना अंगावर येणारी सकाळची गार हवा तिथे नसते. दमट उकाड्यात मूल पुण्यापेक्षा लवकर दमतं, आणि दमलेलं मूल रांगेत काय करतं ते तुम्हाला सांगायला नको.

गर्दी कोणत्या दिवशी कमी असते?

सगळे म्हणतात "वीकडेला जा". अर्धं खरं आहे. नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी या काळात शाळांच्या सहली वीकडेलाच निघतात. एकाच रंगाच्या टोप्या घातलेली दोनशे मुलं अकराच्या सुमारास बसमधून उतरली की तुमच्या मंगळवाराचा रविवार होतो. म्हणून आदल्या दिवशी पार्कला फोन करून सरळ विचारा, "उद्या किती शाळांचं बुकिंग आहे?" बहुतेक वेळा सांगतात.

टाळायचे दिवस: दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, मे महिना आणि शुक्रवार किंवा सोमवारला लागून आलेली कुठलीही सुट्टी. आमचा आवडता काळ फेब्रुवारीचा मधला आठवडा. ऊन अजून चढलेलं नसतं, सहली संपत आलेल्या असतात आणि मोठ्या मुलांचे पालक परीक्षेच्या चिंतेत घरी असतात. शाळा एक दिवस बुडते, बुडू दे.

सकाळी किती वाजता पोहोचावं?

गेट उघडायच्या अर्धा तास आधी. पहिला तास सोन्याचा असतो. गेटमधून आत शिरल्यावर बहुतेक कुटुंबं समोर दिसेल त्या पहिल्या राईडला चिकटतात. तुम्ही तसं करू नका. नकाशा घरीच बघून ठेवा, सगळ्यात हवी असलेली राईड ठरवा आणि थेट तिकडे चला.

दुसरी सुटलेली वेळ म्हणजे जेवणाची. सगळे एक ते दोनमध्ये जेवतात. आपण साडेअकराला जेवायचं आणि एक वाजता रांगेत जायचं. खाण्याच्या रांगेतही वेळ वाचतो, राईडच्याही. आमच्याकडे सासूबाईंना साडेअकराचं जेवण म्हणजे अधर्म वाटला होता, पण वरण-भात समोर येताच तो प्रश्न मिटला.

रांग बघून किती वेळ लागेल ते कसं ओळखायचं?

पाटीवर लिहिलेला वेळ असला तर ठीक, नसला तर स्वतः हिशोब करा. फार अवघड नाही. एका फेरीत किती माणसं बसतात ते मोजा आणि एक फेरी सुटल्यापासून पुढची सुटेपर्यंतचा वेळ घड्याळात बघा. समजा सोळा जागा आहेत आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे तासाला वीस फेऱ्या, ३२० माणसं. तुमच्यापुढे अंदाजे १६० माणसं असतील तर अर्धा तास.

यात थोडी भर घाला. पाच जणांचं कुटुंब चारच्या ओळीत बसत नाही, जागा रिकाम्या जातात, कोणाचा तरी पट्टा लागत नाही. मी पाव वेळ जास्त धरते. आणि रांग कोपऱ्यावर वळून इमारतीत शिरत असेल तर नवऱ्याला आत डोकावून यायला पाठवते. बाहेर वीस माणसं दिसतात आणि आत नागमोडी कठड्यांमध्ये शंभर जण उभे असतात, हे आम्ही दोनदा अनुभवलंय.

हा हिशोब फक्त मोठ्यांसाठी नाही. थोरल्याला "थोडा वेळ" म्हणजे काहीच कळत नाही. "बारा फेऱ्या सुटल्या की आपण" हे कळतं. तो मोजतो, आणि मोजत असला की उभा राहतो.

चार-पाच वर्षांच्या मुलाला चाळीस मिनिटं रांगेत कसं उभं करायचं?

पहिलं उत्तर: करू नका. पाच वर्षांच्या मुलाची रांगेतली ताकद माझ्या अनुभवाने वीस मिनिटांची. त्याच्या वरच्या प्रत्येक मिनिटाची किंमत तुम्ही संध्याकाळी मोजता.

दुसरं उत्तर, कारण राईड तिचीच लाडकी असते आणि ऐकायचं नसतं: रांगेत शिरण्याआधी तीन गोष्टी. शू. पाणी. आणि उंची.

उंचीबद्दल जरा थांबून सांगते. प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. तिथे मुलाला उभं करून बघितल्याशिवाय रांगेत पाय ठेवू नका. एका पार्कात आम्ही पट्टी "साधारण बरोबर वाटतेय" म्हणून पुढे गेलो. पन्नास मिनिटांनी अगदी फाटकाशी तिथल्या कर्मचारी मुलाने काठी लावली आणि म्हणाला, "दोन बोटं कमी आहे, मॅडम." त्याची चूक नव्हती, नियम सुरक्षेचा आहे. पण त्या क्षणी धाकटीच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला अजून आठवतं. आता घरी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आहे आणि जाण्याच्या आठवड्यात बूट काढून मोजतो. कुठल्या राईडमध्ये बसता येणार नाही हे तिला घरीच कळतं आणि रडणंही घरीच होऊन जातं.

रांगेत शिरल्यावर मोबाइल शेवटचा. आधी काढला की त्यानंतर काहीच चालत नाही. आमच्याकडे चालणारे खेळ: आधी "ओळखा पाहू", रांगेतला एक रंग किंवा वस्तू मनात धरायची. मग "अळीमिळी गुपचिळी", हा शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा, शांतता मिळते. नाव-गाव-फळ-फूल तोंडी, पण गावांऐवजी पुण्यातले बसस्टॉप. आपडी-थापडी हळू सुरू करून वेग वाढवत नेणं. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत कावळा रांगेत उभा राहिला तर काय झालं, हे तिला स्वतःला रचायला सांगायचं. एकदा कावळ्याने एक्स्प्रेस तिकीट काढलं.

डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८०च्या दशकात रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलंय. रिकामा वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसलं तरी लांब वाटतो, का थांबलोय ते कोणी सांगितलं नाही तरी लांब, आणि कोणी मध्ये घुसून अन्याय झाला तरी लांब. त्याने ते दुकानं-हॉटेलांसारख्या सेवांचा विचार करून लिहिलं. पण मुलाला घेऊन उभं राहताना यातलं प्रत्येक वाक्य पटतं. म्हणूनच राईड मध्येच थांबली तर मी ऑपरेटरला कारण विचारते आणि मुलांना तेच शब्द सांगते: "पट्टा तपासतायत."

खाऊ: राजगिऱ्याची वडी, खजूर, सुके मनुके. चुरा पडणारं आणि हात चिकट करणारं नको. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं, औषधं किंवा डॉक्टरांनी सांगितलेला आहार असेल तर आधी फोन करून विचारा आणि नाव लिहून घ्या, म्हणजे गेटवर वाद नको.

मधेच शू लागली तर?

एक मोठा माणूस रांगेत, एक मुलासोबत. बाहेर पडण्याआधी मागच्या दोन कुटुंबांना सांगून जा, "लहान आहे, जाऊन येतोय." सांगून गेलं की परत येताना कोणी अडवत नाही. न सांगता गेलात तर पुणेकरच काय, कोणीही अडवेल.

मोठ्या राईडला आम्हा दोघांनाही जायचंय, मुलाला नाही. मग?

आळीपाळीने. परदेशातल्या मोठ्या पार्कांत याची रीतसर पद्धत असते. डिस्नीत तिला रायडर स्विच म्हणतात: एक पालक रांगेतून राईड घेतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि नंतर त्या दुसऱ्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. आपल्याकडे पाटी दिसली नाही तरी फाटकावरच्या माणसाला विचारायला काय जातं? गर्दी नसेल तर अनेकदा हो म्हणतात. नवऱ्याने इमॅजिकातली नायट्रो ही रोलर कोस्टर अशीच केली. मी खाली थांबले, आणि मला वर जायची इच्छा नाही हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

एकट्या माणसांची वेगळी रांग कुठे असली तर ती मुलांसोबत वापरू नका. कुटुंब वेगवेगळ्या फेऱ्यांत विखुरतं.

एक्स्प्रेस किंवा फास्ट ट्रॅक तिकीट घ्यावं का?

गर्दीच्या दिवशी आणि रांग सहन न होणारं मूल असेल तर हो. रिकाम्या मंगळवारी नको. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: कोणत्या राईड त्यात येतात, आणि एका राईडला एकदाच की कितीही वेळा. आमच्या थोरल्याला एकच राईड सहा वेळा हवी असते. त्याच्यासाठी "प्रत्येक राईड एकदा" वालं तिकीट म्हणजे पैसे पाण्यात.

ऑटिझम असलेल्या मुलाला रांग जमतच नाही. न्यावं का?

न्यावं. पण आधी एक फरक लक्षात घ्या, मला तो कळायला तीन वर्षं लागली. *वाट पाहणं* आणि *रांगेत उभं राहणं* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा मुलगा वाट पाहू शकतो. झाडाखाली, हातात त्याची दोरी घेऊन, चाळीस मिनिटंसुद्धा. त्याला जमत नाही ते लोखंडी कठड्यांच्या अरुंद गल्लीत उभं राहणं, जिथे मागच्या माणसाची पिशवी पाठीला घासते, डोक्यावर स्पीकर वाजतो, आणि दर दोन मिनिटांनी अर्धं पाऊल पुढे सरकावं लागतं. थांबलोय की चाललोय ते त्याला कळत नाही.

हे एकदा उमगलं की पार्ककडे काय मागायचं तेही स्पष्ट होतं. मला रांग *तोडायची* नसते. मला माझा तेवढाच वेळ दुसरीकडे थांबायचा असतो. कोणाचाही नंबर आम्ही घेत नाही. एक पालक रांगेत उभा राहतो, दुसरा मुलाला घेऊन बाहेर थांबतो, आणि पुढे दहा जण उरले की फोन. हे तर कुठल्याही परवानगीशिवाय जमतं, फक्त फाटकावरच्या माणसाला आणि मागच्या दोन कुटुंबांना आधी सांगून ठेवायचं. रांगेत दुसऱ्या माणसाने येऊन मिसळणं कुठल्या पार्कला चालत नसेल तर ते आधीच कळलेलं बरं.

सराव पुण्यातच करा. आम्ही पेशवे पार्कच्या फुलराणीपासून सुरुवात केली. ती छोटी गाडी १९५६पासून पुण्याच्या मुलांना फिरवतेय, आणि तिची रांग म्हणजे आदर्श शाळा: छोटी, उघड्यावर, आणि गाडी फिरून परत येताना दिसते. पहिल्या दिवशी आम्ही फक्त रांग बघितली. दुसऱ्या रविवारी दोन मिनिटं उभे राहिलो आणि बाहेर आलो. पाचव्या वेळी गाडीत बसलो. गाडी सुरू आहे ना, एवढं निघण्याआधी बघून घ्या. मग कात्रजचं प्राणिसंग्रहालय, बुधवार सोडून, कारण बुधवारी ते बंद असतं. तिथे तिकीट खिडकी आणि आतली बॅटरीवरची गाडी अशा दोन निरनिराळ्या रांगांचा सराव होतो. शिवाय मिठाईच्या दुकानात टोकन घेऊन नंबर येईपर्यंत थांबणं. आकडा पुढे सरकताना दिसतो, ऑटिझमच्या मुलाला हे फार आवडतं. रविवारी सकाळी डेक्कनवरच्या हॉटेलांबाहेर नाव लिहून उभं राहणं ही वरची परीक्षा. ती आमची अजून राहिली आहे.

घरी फोटोंची छोटी वही केली: गाडी, गेट, हातावरचा पट्टा, रांग, राईड, जेवण, घर. "आधी रांग, मग राईड" हे दोन चित्रांत. आवाज कमी करणारे हेडफोन. अंगावर टॅग टोचत नाही असा जुना टी-शर्ट, नवा नाही. आणि जाण्याआधी राईडचा व्हिडिओ, पण आवाज बारीक ठेवून. आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) ताईंनी सुचवलं होतं की व्हिडिओत राईड *संपते* तो भाग नक्की दाखवा. खूप फरक पडला.

यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) दाखवलं की थेट आत सोडतात का?

सोडतीलच असं नाही. अपंग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५च्या आधीच्या कायद्यात ते सातच होते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व तर आहेतच, पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजारही आहेत, हे अनेक पालकांना माहीत नसतं. कायदा भेदभाव करू नका आणि वाजवी सोय द्या असं सांगतो. "रांग सोडून आत" असं कलम त्यात नाही. सोय काय मिळणार ते पार्क ठरवतं. पण कायद्यातले "वाजवी सोय" हे शब्द मात्र बोलताना जरूर वापरा.

कार्ड सोबत ठेवाच. मूळ प्रत नको, मोबाइलमध्ये फोटो आणि एक झेरॉक्स. ज्यांनी अजून काढलेलं नाही त्यांनी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते, आपल्याकडे ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. तिथल्या रांगेचा सराव वेगळाच.

काउंटरवर काय बोलायचं ते मी पाठच केलंय. निदान सांगण्यापेक्षा अडचण सांगा. "माझ्या मुलाला ऑटिझम आहे" म्हटलं की समोरचा गोंधळतो किंवा एकदम दया दाखवतो. त्याऐवजी: "माझा मुलगा बंद जागेत गर्दीत उभा राहू शकत नाही. आम्ही आमचा वेळ बाहेर थांबून येतो. नंबर आला की कुठून आत यायचं?" हा प्रश्न आहे, विनंती आहे आणि उत्तरही त्यातच आहे. शक्यतो दोन दिवस आधी ईमेल करा आणि आलेलं उत्तर मोबाइलवर उघडून ठेवा. गेटवरच्या तरुण मुलाला साहेबांनी लिहिलेलं दिसलं की त्याचीही अडचण सुटते.

एकदा एका काउंटरवर मला ऐकवलं होतं, "पण दिसत तर नॉर्मल आहे." मी रागावले नाही असं नाही. पण रागाने त्या दिवशी काही मिळालं नाही, शेवटी त्यांच्या वरिष्ठांनी कार्ड बघितलं आणि बाहेर थांबू दिलं.

व्हीलचेअरवरच्या मुलासोबत जाताना काय विचारून ठेवावं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उचलण्याचा. बहुतेक राईडला खुर्चीतून सीटवर बसवावं लागतं, आणि अनेक ठिकाणी कर्मचारी मुलाला उचलत नाहीत. म्हणजे उचलणारं माणूस आपलंच लागतं. मूल लहान आहे तोवर ठीक, बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी दोघं हवेत. फोनवर एकेक राईडचं नाव घेऊन विचारा: खुर्ची सीटपर्यंत जाते का, पायऱ्या किती, आत शिरायचा रस्ता बाहेर पडायच्या दारातून आहे का. अनेक राईडमध्ये व्हीलचेअरसाठी तोच रस्ता असतो, आणि तिथून जाताना रांगेतले लोक बघत राहतात. बघू देत.

राईड बंद पडली तर खाली कसं उतरवतात, हेही विचारा. आणीबाणीत शिडीने उतरावं लागणाऱ्या राईडमध्ये चालता न येणाऱ्या मुलाला बसू न देण्यामागे खरं कारण असतं, तो भेदभाव नाही. पण छोट्या चक्रीवर किंवा अंधाऱ्या सिनेमात "धोका आहे" म्हणून नाकारलं तर मात्र कारण लेखी मागा.

मोठ्या मुलाचं डायपर बदलायला बहुतेक ठिकाणी नीट जागा नसते. फर्स्ट एड रूममध्ये पलंग असतो, तिथे आधी बोलून ठेवा. आम्ही ओळखतो त्या एका बाबांनी घडीची योगा मॅट नेली होती, ती दिवसभर कामाला आली.

डॉक्टरांना काय विचारावं?

हे घाईत लिहिणार नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, झटके देणाऱ्या राईडआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. फिट येणाऱ्या मुलांसाठी लखलखणाऱ्या दिव्यांच्या आणि अंधाऱ्या राईडबद्दल विचारा. मेंदूत शंट (साठलेलं पाणी काढणारी नळी) बसवलेलं, हृदयाचं ऑपरेशन झालेलं किंवा हाडं ठिसूळ असलेलं मूल: विचारल्याशिवाय काहीच नको. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशनने कानात बसवलेलं यंत्र) असेल तर बाहेरचं यंत्र झटक्यात उडू शकतं आणि प्लास्टिकच्या घसरगुंडीवर तयार होणारी स्थिर वीज त्याला चालत नाही, म्हणून काढून ठेवायला सांगतात. मग त्या वेळेपुरतं मुलाला ऐकू येणार नाही, तेव्हा खुणा आधी ठरवा. फिटची गोळी चुकवू नका, सुट्टी असली तरी गोळीला सुट्टी नसते.

लोक बोलतात त्याचं काय करायचं?

"एवढा मोठा घोडा झालाय, उभं राहता येत नाही?" "आमचीही मुलं लहान आहेत हो." "आजकाल सगळेच सर्टिफिकेट काढतात." तिन्ही मी ऐकलंय.

मी आता एकच वाक्य बोलते, "आम्हीही तेवढाच वेळ थांबलोय काका, फक्त तिकडे." रांगेतल्या माणसाला खरं तर अन्याय झालेला आवडत नाही, तो झाला नाही हे कळलं की बहुतेक जण गप्प होतात. जे होत नाहीत त्यांना समजवायला मी तिकीट काढलेलं नसतं. नवऱ्याची पद्धत वेगळी आहे, तो हसून त्यांच्या मुलाला कितवीत आहेस ते विचारतो. ती जास्त चालते, हे मान्य करावं लागेल.

रांगेतच मेल्टडाउन झालं, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा ताबाच सुटला तर?

बाहेर पडा. लगेच. "आता पाचच जण राहिलेत" हे वाक्य मी बोलले आहे आणि त्याचा पश्चात्ताप केला आहे. पाच जण राहिले तरी, फाटक समोर असलं तरी.

म्हणून रांगेत शिरताना बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवा. कठड्यांच्या खालून जाता येतं का, मधलं साखळीचं फाटक कुठे आहे. ज्या मोठ्या माणसाच्या हातात मूल आहे त्याने बाहेरच्या बाजूने उभं राहायचं. बाहेर आल्यावर बोलणं कमी, प्रश्न शून्य. सावली, पाणी, हेडफोन. थोरल्याला पाठीवर घट्ट दाब हवा असतो, तुमच्या मुलाला कदाचित हातही लावलेला नको असेल. सकाळी पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं शांत कोपरा शोधण्यात घालवा. पार्कात अशी जागा बहुधा मधल्या भागापासून लांब, बंद असलेल्या एखाद्या स्टॉलच्या मागे सापडते.

दुसऱ्या मुलाचं काय? हा प्रश्न कोणी विचारत नाही. धाकटी त्या वेळी रांगेतच असते बाबाबरोबर, आणि ती राईड घेऊनच येते. हे आम्ही ठरवलंय. दरवेळी तिने सोडायचं, हे बरोबर नाही.

आजी-आजोबांना न्यावं का?

हो, आजी रांगेत उभी असली की शेजारच्या चार कुटुंबांची माहिती आणि एक पाककृती सहज मिळते, आणि तुमची जागाही पक्की राहते. फक्त त्यांच्या गुडघ्यांचा विचार करा, घडीचं स्टूल चालतं का ते विचारून घ्या.

मूल गर्दीत हरवलं तर?

सकाळी गेटवर फोटो काढा, त्या दिवशीचे कपडे दिसतील असा. भडक रंगाचा शर्ट. मनगटावर आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर, वर पारदर्शक चिकटपट्टी. न बोलणाऱ्या मुलाच्या खिशात "मी बोलत नाही, आईला फोन करा" अशी चिठ्ठी, मराठी आणि हिंदीत. पाण्याकडे धावणारं मूल असेल तर शोध पाण्यापासूनच सुरू करा, माइकवरून घोषणा नंतर.

परदेशातल्या डिस्नीत वेगळं काय?

अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांत २०१३पासून डिसअॅबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस आहे. मी वर जे "तेवढाच वेळ दुसरीकडे" म्हटलं, ते तिथे रीतसर आहे: राईडची रांग जितकी असेल त्या हिशोबाने परत यायची वेळ देतात, तोवर तुम्ही कुठेही बसा. २०२४मध्ये त्यांनी नियम घट्ट केले, आता ही सोय मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वामुळे रांगेत थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे आणि व्हिडिओ कॉलवर बोलून नोंदणी करावी लागते. फक्त व्हीलचेअर आहे म्हणून ती मिळत नाही, कारण तिथल्या बऱ्याच रांगा व्हीलचेअर जाईल अशाच बांधलेल्या आहेत. तो कॉल भारतातून करायचा तर वेळेचा फरक लक्षात ठेवा, आपली रात्र म्हणजे त्यांची सकाळ. प्रत्येक देशातल्या पार्कचे नियम निराळे आहेत, एकाचं दुसऱ्याला लावू नका.

पावसाळ्यात?

रांगा छोट्या असतात, पण विजा आणि जोराच्या पावसात उघड्यावरच्या राईड थांबवतात, आणि खोपोलीचा पाऊस काय असतो ते घाटातून दिसतंच. आतल्या राईडवर दिवस काढायची तयारी असेल तरच.

एवढं तिकीट काढून किती राईड व्हायला हव्यात?

आमचा आकडा तीन. पहिल्या वर्षी मी यादीत चौदा लिहिल्या होत्या, झाल्या दोन, आणि परतताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. पुढच्या वेळी तीन ठरवल्या, झाल्या पाच. त्यातल्या तीन वेळा तीच गोल फिरणारी घोड्यांची चक्री, जी सारसबागेसमोरच्या जत्रेतही मिळाली असती. थोरला मात्र खूश होता.

निघावं कधी?

मूल हसत असताना. साधारण साडेचार. सगळे सहा-सातला निघतात तेव्हा पार्किंगमध्ये एक रांग, टोलनाक्यावर दुसरी आणि फूड मॉलमध्ये वडापावची तिसरी. म्हणून डिकीत एक डबा ठेवा: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दोन केळी. आम्ही तो पार्किंगमध्येच, गाडीचं दार उघडं ठेवून खातो.